ऋतू बदलतो, तसं डासाचं अंगही बदलतं



आपल्या दशसूत्रीतलं एक सूत्र आरोग्याचं आहे. बचत, कर्ज, परतफेड, हिशेब यावर आपण दर बैठकीत बोलतो. पण गटातून अंतर्गत कर्ज कशासाठी उचललं जातं, ते एकदा तुमच्या नोंदवहीत बघा. बियाणं, शाळेची फी, लग्न यांच्याबरोबर दवाखाना हे कारण जवळजवळ प्रत्येक गटात सापडेल. घरात एकाला हिवताप झाला, की त्याची मजुरी बुडते, सोबत राहणाऱ्या बाईचीही बुडते, आणि गाडीभाडं वेगळंच. म्हणून या अंकात डासाचा पाठ घेऊ या.

डास चावतो आणि ताप येतो हे सगळ्यांना माहीत आहे. हा पाठ त्याच्या पुढचा आहे. पावसाळ्यात, थंडीत आणि उन्हाळ्यात डासाच्या शरीरात काय बदल होतात? ते समजलं, तर कोणत्या महिन्यात कोणतं काम करायचं ते आपलं आपल्यालाच कळेल.

आधी ओळख करून घेऊ

आपल्याकडे रोग पसरवणारे डास मुख्यतः तीन जातींचे.

पहिला ॲनॉफिलीस. हिवताप, म्हणजे मलेरिया, हाच पसरवतो. बसताना शेपटीकडचा भाग वर करून तिरका बसतो. अंडी स्वच्छ पाण्यात घालतो: नाल्यातली डबकी, नदीपात्रातले झिरे, पाटाचं पाणी, विहिरी. रात्री चावतो. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारी त्याची मुख्य जात गोठ्यात आणि घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात विसावते. डोंगराळ भागात हळू वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठी वाढणारी आणखी एक जात असते.

दुसरा एडिस. काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या हा पसरवतो. दिवसा चावतो. घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो.

तिसरा क्युलेक्स. हत्तीरोग पसरवणारा. गटारीच्या आणि सांडपाण्याच्या घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो.

तिन्हींत चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार करायला तिला रक्त लागतं. नर फुलांचा आणि झाडांचा रस पिऊन जगतो. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी शोधून काढलं. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन मानतात.

डासाच्या अंगात स्वतःची ऊब नसते

आपलं अंग उन्हाळा असो की हिवाळा, ३७ अंशांच्या आसपासच राहतं. डासाचं तसं नाही. बाहेर जेवढी ऊब किंवा गारवा, जवळजवळ तेवढंच त्याचं अंग. चुलीचा जाळ कमी-जास्त केला की भाकर लवकर किंवा उशिरा भाजते ना, तसंच डासाचं आयुष्य हवेच्या उबेवर चालतं. अंड्यातून अळी निघणं, अळीचा कोष होणं, कोषातून डास उडणं, प्यालेलं रक्त पचणं, सगळं उबेवर.

पाणी उबदार असेल, साधारण २५ ते ३० अंश, तर अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी गार असेल तर तेच काम दोन-तीन आठवडे किंवा त्याहून जास्त चालतं.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. डास इवलासा, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी लवकर उडतं. त्याच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. श्वास घ्यायला अंगाच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यातून मात्र ओल निघून जाते. हवा दमट असली तर डास जास्त दिवस जगतो. हवा कोरडी असली तर लवकर मरतो.

ऊब आणि ओल, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढचा सगळा पाठ यावरच आहे.

पावसाळा: ऊब पण आहे, ओल पण आहे

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की डासाला दोन्ही गोष्टी मिळतात. मादी एका वेळी शंभर ते दोनशे अंडी घालते. रक्त दोन-तीन दिवसांत पचतं, अंडी घालून ती पुन्हा चावायला येते.

पण तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस धो-धो कोसळतो, नाले दुथडी भरून वाहतात, तेव्हा ओढ्यातल्या अळ्या वाहून जातात. पोळा झाला, पाऊस उघडीप द्यायला लागला, की नाल्याची धार बारीक होते आणि जागोजागी स्वच्छ पाण्याची डबकी राहतात. ऊन पडतं, पाणी उबदार होतं. ॲनॉफिलीसच्या अळीला हेच हवं असतं. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या तालुक्यांत डोंगरातून उतरणारे ओढे भरपूर. म्हणून पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस आपल्यासाठी जास्त जोखमीचे.

घटत्या शिलकीचा हिशेब

डास चावला म्हणजे लगेच हिवताप होतो असं नाही. आधी त्या मादीने हिवताप असलेल्या माणसाला चावलं पाहिजे. मग ते जंतू तिच्या पोटात वाढतात आणि तिच्या लाळेपर्यंत पोचतात. याला वेळ लागतो. हवा २८ अंशांच्या आसपास असेल तर साधारण आठ-दहा दिवस. २० अंश असेल तर तीन ते चार आठवडे. आणि १६ अंशांच्या खाली ही वाढ जवळजवळ थांबते. तोपर्यंत मादी जगली, तरच ती रोग देऊ शकते. थोडक्यात, घातक असते ती म्हातारी मादी.

आता घटत्या शिलकीवर व्याज काढता, तसाच हिशेब करू. समजा शंभर माद्यांच्या पोटात जंतू गेले.

पावसाळ्याची दमट हवा आहे, रोज शंभरातल्या दहा मरतात. पहिल्या दिवशी ९० उरल्या, दुसऱ्या दिवशी ८१, तिसऱ्या दिवशी ७३. दहाव्या दिवशी उरतात साधारण ३५. पस्तीस माद्या रोग द्यायला तयार.

आता रोज शंभरातल्या वीस मेल्या तर? ८०, ६४, ५१ असं करत दहाव्या दिवशी उरतात साधारण ११.

मरण दहाचं वीस झालं, म्हणजे फक्त दुप्पट. पण घातक माद्या पस्तीसवरून अकरावर आल्या, एक तृतीयांशापेक्षाही कमी. औषधी मच्छरदाणी आणि घरातली फवारणी हेच काम करते. मादी दर दोन-तीन दिवसांनी रक्त प्यायला येते, म्हणजे जंतू पक्के होईपर्यंत ती तीन-चार वेळा घरात येणारच. प्रत्येक वेळी ती मच्छरदाणीला किंवा फवारलेल्या भिंतीला टेकली, तर तिचं म्हातारपण येतच नाही.

यातून दोन गोष्टी निघतात.

एक, ताप आलेल्या माणसाला आधी मच्छरदाणीत झोपवा. डास जंतू त्याच्याकडूनच घेतो. तो मच्छरदाणीत आहे, तर पुढची साखळीच तुटते.

दुसरी गोष्ट खास आपली, बायांची. फवारणीचं औषध भिंतीवर अडीच-तीन महिने टिकावं लागतं. पण फवारणी होते आणि मागोमाग दिवाळीचं लिंपण येतं. मातीचा हात फिरला की औषध झाकलं जातं, आणि डास निवांत बसतो. म्हणून भिंती आधी लिंपून घ्या, मग फवारणी होऊ द्या. फवारणीनंतर जमीन सारवली तर चालेल, पण भिंतीला हात लावू नका. आणि फवारणीवाले आले की गोठा सोडू नका. कुडाच्या भिंतीच्या फटी, पाटाईखालची जागा, गुरं बांधायची जागा, डास तिथेच बसतो.

हिवाळा: डास संपत नाहीत, मंदावतात

दिवाळीनंतर थंडी पडते. डाब, तोरणमाळकडे कधीकधी पहाटेचं दवसुद्धा गोठतं. तेव्हा आपण म्हणतो, "चला, मच्छर गेले." ते गेलेले नसतात.

थंडीत अळी हळू वाढते. पण हळू वाढलेली अळी जास्त दिवस खाते, त्यामुळे त्यातून निघणारा डास अंगाने मोठा होतो. उन्हाने तापलेल्या, अळ्यांनी गच्च भरलेल्या डबक्यातून निघतो तो लहान. मोठी मादी एका वेळी जास्त रक्त पिते आणि जास्त अंडी घालते. लहान मादीला पहिल्या अंड्यांसाठी बऱ्याचदा दोनदा रक्त प्यावं लागतं. म्हणजे थंडीत संख्या कमी, पण अंग दणकट.

बर्फ पडणाऱ्या देशांत क्युलेक्सची एक जात तर वेगळंच करते. दिवस लहान व्हायला लागले की मादी रक्त पिणं सोडून फुलांचा रस पिते, अंगात चरबी साठवते, अंडी बनवणं थांबवते आणि तळघरात जाऊन महिनोन्‌महिने पडून राहते. आपल्याकडची थंडी तेवढी नाही. आपला डास पूर्ण झोपत नाही. गोठ्यातल्या गुरांच्या उबेला, चुलीजवळच्या भिंतीला बसून राहतो. रक्त पचायला त्याला पाच-सहा दिवस किंवा जास्त लागतात, म्हणून तो कमी वेळा चावायला येतो.

आपला हिशेब थंडीला लावून बघा. रोज शंभरातल्या दहाच मेल्या, पण जंतू पक्के व्हायला पंचवीस दिवस लागले, तर शंभरातल्या साधारण सातच माद्या तोवर टिकतात. म्हणून थंडीत हिवताप कमी होतो. शून्य होत नाही.

हिवाळ्यातच दुसरी गोष्ट घडते. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातमध्ये किंवा दुसऱ्या जिल्ह्यांत जातात. तिथे उघड्यावर, पाटाच्या काठी खोपीत झोपावं लागतं. परत येताना एखाद्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू असू शकतात. व्हायवॅक्स नावाच्या हिवतापाचे जंतू तर यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतात आणि नंतर पुन्हा ताप आणतात. डास थंडीत कमी झाले तरी जंतू माणसाच्या अंगात जपलेला राहतो आणि पाऊस पडला की डासाला आयता मिळतो. म्हणून स्थलांतराला जाताना सामानात मच्छरदाणी बांधा. परत आल्यावर ज्याला ताप असेल किंवा येऊन गेला असेल, त्याचं रक्त आशाताईंकडून तपासून घ्या. तपासणी मोफत असते. किटवर साधारण पंधरा-वीस मिनिटांत कळतं.

गोळ्या दिल्या तर कोर्स पूर्ण करा. व्हायवॅक्ससाठी एक गोळी चौदा दिवस घ्यावी लागते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि बाकीच्या गोळ्या फडताळात राहतात, असं होऊ देऊ नका. यकृतात दडलेला जंतू त्या राहिलेल्या गोळ्यांनीच मरतो. गरोदर बाईला आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला ही गोळी देत नाहीत, म्हणून एकाची औषधं दुसऱ्याला कधीच देऊ नका.

उन्हाळा: डास लपतो, आणि अंडी वाट पाहतात

मार्च संपत आला, घरोघर मोहफुलं वाळत पडली, धडगावकडे आमचूरचं काम सुरू झालं, की ऊन चाळीस अंशांच्या वर जातं. ही हवा डासाला सोसत नाही. अंगातलं पाणी उडतं, उघड्यावरचा डास लवकर मरतो. हिवतापाच्या जंतूलाही फार उष्णता मानवत नाही. पंचवीस अंशांच्या आसपास तो सर्वांत चांगला पसरतो, आणि चौतीसच्या पुढे त्याचा प्रसार जवळजवळ थांबतो.

मग डास काय करतो? गारवा शोधतो. रांजणामागची ओली भिंत, मोरी, विहिरीचा आतला कठडा, गोठ्याचा अंधारा कोपरा. आफ्रिकेतल्या माली देशात संशोधकांनी पावसाळा संपताना डासांवर रंगाची खूण करून त्यांना सोडलं. खूण केलेली एक मादी सात महिन्यांनी, कोरडा काळ उलटल्यावर, त्याच गावात पुन्हा सापडली. नेहमी दोन-चार आठवडे जगणारा डास गरज पडली तर इतका तग धरतो. तहानलेली मादी चावायला जास्त आतुर होते, असंही प्रयोगांत दिसलं आहे.

आणखी एक नवल. आपलं रक्त डासासाठी गरमच असतं. ते पिताना त्याचं अंग तापू नये म्हणून ॲनॉफिलीसची मादी शेपटीच्या टोकाला एक थेंब धरून ठेवते. तो थेंब वाऱ्याने उडतो आणि अंग गार राहतं, जसं माठातलं पाणी झिरपून गार होतं. फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवलं.

उन्हाळ्यात खरा डाव खेळतो तो एडिस. ॲनॉफिलीसची अंडी पाण्यावर तरंगतात, वाळली की मरतात. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काळ्या ठिपक्यांसारखी चिकटतात. ती वाळली तरी सहा-आठ महिने जिवंत राहतात. आतली अळी जवळजवळ तयार असते, फक्त पाण्याची वाट पाहते. पाऊस पडला, भांडं भरलं, की ती बाहेर. कधीकधी डेंग्यूचा विषाणूही मादीकडून अंड्यात उतरतो.

आपल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये पाणी टंचाई असते. हापशावरून, झिऱ्यावरून डोक्यावर आणलेलं पाणी ओतून द्या असं कोणी सांगितलं, तर आपण ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून नीट समजून घ्या: पाणी फेकायचं नाही, भांडं घासायचं आहे. पाणी कपड्यातून गाळून दुसऱ्या हंड्यात काढा. रांजण, टाकी, पिंप आतून काथ्याने किंवा घासणीने जोर लावून घासा, विसळा, मग पाणी परत भरा आणि कापड बांधून झाका. गाळलेल्या कपड्यातल्या अळ्या कोरड्या जमिनीवर झटका. नुसतं विसळल्याने अंडी निघत नाहीत.

कोणाची जास्त काळजी घ्यायची

गरोदर बायका आणि पाच वर्षांच्या आतली मुलं यांना हिवताप लवकर गंभीर होतो. गरोदरपणात रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेलही आहे. सिकलसेल वाहक असलेल्यांना गंभीर हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, हे खरं आहे. पण सिकलसेलचा रुग्ण असेल तर उलटं आहे. हिवताप त्याच्या जिवावर बेतू शकतो. वाहक आणि रुग्ण यात गल्लत करू नका. घरात रुग्ण असेल तर पहिली मच्छरदाणी त्याची, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना.

डेंग्यूचा संशय असेल, म्हणजे जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंगावर पुरळ, तर दुकानातून कसलीही वेदनाशामक गोळी आणू नका. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल द्या, पाणी-पेज भरपूर पाजा आणि दवाखान्यात न्या. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त किंवा खूप गळून जाणं दिसलं तर थांबू नका.

वर्षाचं कामाचं पान

हे पान कापून बैठकीच्या जागी लावा.

एप्रिल ते जून: आठवड्यातून एक कोरडा दिवस. रांजण, टाकी, पिंप घासणे. पाऊस पडायच्या आधी फुटके माठ, टायर, करवंट्या गोळा करून टाकणे. मच्छरदाण्यांची भोकं शिवणे.

जुलै ते ऑगस्ट: घराभोवतीचं पाणी वाहतं करणे. हापशाजवळ शोषखड्डा. फवारणीच्या आधी भिंती लिंपून घेणे.

सप्टेंबर ते नोव्हेंबर: नाल्यातली डबकी बुजवणे किंवा चर काढून वाहती करणे. मोठ्या हौदात आणि न वापरत्या विहिरीत गप्पी मासे सोडणे. नैसर्गिक ओढ्यात आणि तलावात ते सोडू नका, तिथले आपले मासे त्याने कमी होतात. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासणी.

डिसेंबर ते मार्च: गटार आणि मोरीचं पाणी तुंबू न देणे, कारण क्युलेक्स आता वाढतो. गोठा कोरडा ठेवणे. ऊसतोडीहून आलेल्यांची यादी आशाताईंना देणे.

कोरडा दिवस आठवड्यातून एकदाच का, हे आता तुम्ही सांगू शकाल. उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. सात दिवसांनी भांडं घासलं, तर डास उडायच्या आधीच त्याचं घर मोडतं. पंधरा दिवसांनी घासलं, तर एक पिढी उडून गेलेली असते.

बैठकीत चर्चेसाठी

१. गेल्या वर्षी आपल्या गटात आजारपणासाठी किती कर्ज उचललं गेलं? त्यातलं तापासाठी किती?

२. आपल्या पाड्यावर पोळ्यानंतर पाणी कुठे कुठे साचून राहतं? जमिनीवर काडीने नकाशा काढून खुणा करा.

३. रोज शंभरातले तीस डास मेले, तर दहा दिवसांनी किती उरतील? सचिव ताईंनी वहीवर करून दाखवावं. उत्तर तीनच्या आसपास यायला हवं.

४. कोणत्या घरात मच्छरदाणी आहे पण वापरात नाही? का नाही? उकडतं, पुरत नाही, की फाटली आहे?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा. फाटली असेल तर सुई-दोऱ्याने काम भागेल. पुरत नसेल तर किती घरांना किती हव्यात ते लिहून आरोग्य उपकेंद्रात अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.